घर बांधताना कोण कशाला जबाबदार? सांगलीतल्या बांधकामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आधी आठ वर्षं साइटवर इंजिनिअर म्हणून काढली, मग काळा कोट चढवला. त्यामुळे सांगली-मिरजेत बांधकामावरून कुणाचं बिनसलं की दोन्हीकडची माणसं माझ्याकडं येतात. घरमालक जाडजूड फाइल घेऊन येतो, मिस्त्री चुरगळलेली वही घेऊन. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते एकदाचे लिहून काढले. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमचे कागद न बघता कुणी छातीठोक सांगत असेल तर जरा जपून.

करार लेखी नाही, सगळं शब्दावर ठरलं होतं. मग माझा हक्कच नाही का?

आहे. भारतीय करार कायदा, १८७२ तोंडी करारालाही करारच मानतो. शिवाय त्याच कायद्याचं कलम ७० सांगतं की फुकट करण्याचा इरादा नसताना एकानं दुसऱ्यासाठी काम केलं आणि दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. घरात राहायला जायचं आणि 'करारच कुठाय' म्हणून हात वर करायचे, हे चालत नाही.

अडतं ते पुराव्यापाशी. यूपीआयच्या नोंदी, सिमेंटच्या दुकानाची चलनं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं हे सगळं कामाला येतं. चॅट कोर्टात दाखल करायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून जुना मोबाइल विकू नका आणि चॅट पुसू नका.

एका प्रकरणात मिस्त्रीकडं निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही होती, कडांना सिमेंट लागून कडक झालेली. रोज संध्याकाळची एकेक ओळ: 'गवंडी ३, बिगारी ५, सिमेंट १८ पोती.' दर शनिवारी उचलीचा आकडा आणि त्याखाली मालकाची बारकी सही. मालक म्हणत होता की हा माणूस माझ्याकडं कामालाच नव्हता. वही टेबलावर उघडली, त्यांनी स्वतःची सही पाहिली आणि पुढच्या तारखेच्या आत तडजोड झाली. वकिलाचं काम त्या वहीनं आधीच करून ठेवलं होतं.

दर चौरस फुटाला ठरलाय. यात भांडण्यासारखं काय आहे?

माझ्याकडच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथंच सापडतं. चौरस फूट कसला? स्लॅबचा, बिल्टअपचा की कार्पेटचा? बाल्कनी पूर्ण धरायची की निम्मी? जिना दर मजल्याला मोजायचा का? पॅरापेट, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड भिंत दरात की वेगळी? काम सुरू होताना कुणी विचारत नाही, कारण वातावरण नारळ फोडण्याचं असतं. शेवटच्या बिलाला मालकाचे चौदाशे फूट आणि मिस्त्रीचे अठराशे फूट समोरासमोर येतात. दोघंही आपापल्या जागी खरे असतात.

सांगलीत यात आणखी एक भर आहे ती जोत्याची. पूर येऊन गेल्यापासून नदीकडच्या भागात जोतं पाच-सहा फूट उचलायची पद्धत पडली. पण दर ठरतो तो नेहमीचं दोन-अडीच फुटांचं जोतं डोक्यात धरून. वरच्या तीन फुटांचं बांधकाम आणि आत भरायचा कित्येक ब्रास मुरूम कुणाच्या खात्यावर? जोत्याची उंची करारात फुटांत लिहा, आणि त्यापुढं प्रत्येक फुटाला किती तेही लिहा.

मोजमापाची पद्धतही नमूद करा. 'आयएस १२०० प्रमाणे मोजमाप' एवढे चार शब्द पुरतात. त्या मानकानुसार गिलाव्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं उघडं तोंड वजा होत नाही. हे माहीत नसलेला मालक प्रत्येक झरोक्याचे पैसे कापायला जातो. जीएसटी धरून दर की सोडून, हेही विचारा. एका स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटीतून सूट आहे. नोंदणी असलेल्या कंत्राटदारानं साहित्यासह काम घेतलं की १८ टक्के लागतो.

मिस्त्री अर्ध्यावर काम सोडून गेला. दुसरा माणूस लावू का?

लावा, पण उद्या सकाळी नको.

विशिष्ट अनुतोष अधिनियमात (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) २०१८ साली दुरुस्ती झाली आणि कलम २० नव्यानं आलं. समोरच्यानं करार मोडला तर तुम्ही ते काम तिसऱ्याकडून करून घेऊन त्याचा खर्च पहिल्याकडून वसूल करू शकता. अट अशी की आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी. त्या मुदतीत तो आला नाही, तरच दुसरा लावायचा. खर्चही प्रत्यक्ष काम करून घेतल्यावरच मागता येतो, नुसत्या कोटेशनवर नाही.

दरम्यान झालेल्या कामाचं मोजमाप करून ठेवा. मिस्त्रीला लेखी कळवून बोलवा. आला तर दोघांच्या सह्या घ्या. नाही आला तर तिऱ्हाईत इंजिनिअरकडून पंचनामा, तारखेसह फोटो, आणि साइटवर पडलेल्या सळई-खडी-सेंट्रिंगची यादी. नवीन माणसाची पहिली वीट लागली की जुन्याचं काम कुठं संपलं हे कुणालाच सांगता येत नाही. मग कोर्टही दोघांत अंदाजानं वाटणी करतं, आणि ती सहसा मालकाला कमी पडते.

मी कंत्राटदार आहे. मालक पैसे देत नाही. घराला कुलूप लावलं तर?

लावू नका. रंगकाम झालेल्या घराला कुलूप लावून बसलेले दोन-तीन जण मी पाहिलेत. पैशाचा दावा बाजूला राहिला आणि पोलीस ठाण्याच्या चकरा सुरू झाल्या. भिंतीत गेलेली वीट जागामालकाची झाली, तिच्यावर तुमचा ताबा चालत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा, मिक्सर, बल्ल्या तुमच्या आहेत. त्या नेता येतात, पण यादी करून, समोर कुणाला तरी ठेवून न्या.

तुमची खरी हत्यारं वेगळी आहेत. करारात टप्प्यानुसार पैसे ठरले असतील आणि मालकानं आधीचा टप्पा चुकवला, तर पुढचं काम थांबवण्याला आधार मिळतो. थांबवण्याआधी तसं लेखी कळवा, नाहीतर काम सोडून पळालात असं होतं. चेक परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात चेक न वटल्याची, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची फिर्याद. हे दिवस बोटांवर मोजा, कारण एक दिवस चुकला तर विलंबाचं कारण सांगत बसावं लागतं.

पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर केलेल्या कामाच्या किमतीचा दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. 'देतो, देतो' ऐकत तीन वर्षं घालवणारे खूप आहेत. मुदत संपण्याआधी मालकानं सही करून पैसे देणं लागतो हे कबूल केलं, किंवा थोडी रक्कम दिली आणि त्याची त्याच्या हातची नोंद राहिली, तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात.

करारात 'उशीर झाल्यास रोज ५००० रुपये दंड' लिहिलंय. पूर्ण मिळेल?

बहुधा नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा ही वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात स्पष्ट केलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही. तुम्ही भाड्यानं राहत होतात, त्या भाड्याच्या पावत्या दाखवा. तो आकडा पटतो.

मालकांना माहीत नसलेलं एक कलम म्हणजे ५५. ठरलेली तारीख उलटून गेल्यावर तुम्ही गुपचूप काम चालू ठेवू दिलंत आणि भरपाई मागणार असल्याचं त्या वेळी कळवलं नाहीत, तर नंतर मागता येत नाही. मुदतवाढ देताना एक ओळ लिहा: 'काम चालू ठेवा, पण उशिराच्या नुकसानीचा माझा हक्क राखून.'

आणि टाइल निवडायला तुम्हीच दोन महिने घेतले असतील, तर ते दोन महिने मिस्त्रीच्या माथी मारू नका.

पुरानं नुकसान झालं. ते कुणी सोसायचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथं इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या महिन्यात चालू असलेल्या कामांचं सिमेंट दगड झालं, सेंट्रिंग वाहून गेलं, आणि प्रत्येक जण 'देवाची करणी' म्हणू लागला.

करारात वेगळं लिहिलं नसेल तर ताबा देईपर्यंत कामाची जोखीम साधारणपणे साहित्यासह काम घेतलेल्या कंत्राटदाराची धरली जाते. निव्वळ मजुरीचं काम असेल तर साहित्य मालकाचं, नुकसानही त्याचंच. पुरामुळं मुदतवाढ मिळू शकते, बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम ६ मध्येही पुराचा उल्लेख आहे. पण सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरात जुलै-ऑगस्टमध्ये पाणी येणं ही अचानक घडलेली गोष्ट आहे असं सांगायला गेलात, तर समोरचा वकील हसेल. ५७ फूट अनपेक्षित म्हणता येईल, ४१ फूट नाही. करारात 'पूर' एवढाच शब्द टाकण्यापेक्षा आयर्विनची पातळी आकड्यात लिहा. एका करारात मी '४३ फुटांच्या वर गेल्यास रोजची एक दिवस मुदतवाढ' असं घातलं होतं. नंतर त्यावर वाद झाला नाही, कारण आकडा रोज पेपरात येतो.

कंत्राटदाराची सर्व जोखमींची विमा पॉलिसी मिळते. मोठ्या कामाला ती घेत नाही तो शहाणा नव्हे. आणि जागा निळ्या पूररेषेच्या आत असेल, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेत, तर तिथं घर बांधायचा करार करण्याआधीच थांबा.

दोन वर्षांत भिंतींना तडे गेले. आर्किटेक्ट म्हणतो मिस्त्री, मिस्त्री म्हणतो काळी माती. धरायचं कुणाला?

आपली काळी माती खरोखर दोषी असू शकते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. पण माती काल आलेली नाही. माती तपासणी न करता पायाचं डिझाइन केलं असेल तर बोट स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं जातं. डिझाइन बरोबर होतं पण फुटिंग ठरल्यापेक्षा दोन फूट वर थांबवलं, तर कंत्राटदाराकडं. खोली कमी करायला मालकानंच सांगितलं असेल, तर तिघंही गप्प बसतात.

तडा कशामुळं गेला हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ठरत नाही. रिबाउंड हॅमर, कोअर काढून दाब चाचणी, आणि सळई शोधायचं यंत्र यांचा खर्च होतो, पण त्याशिवाय केस लंगडी राहते. एका घरात नकाशावर १० मिलिमीटरची सळई सहा इंचांवर होती. यंत्रानं आठ-आठ इंचांवर दाखवली, आणि एका कोपऱ्यात फोडून पाहिलं तर ८ मिलिमीटरची निघाली. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सळईवर टेप ठेवून चार फोटो काढले असते तर हे सगळं त्याच दिवशी थांबलं असतं. काँक्रीट पडलं की सगळ्यांचीच स्मरणशक्ती कमी होते. एम-२० काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरून २८ दिवसांनी तपासून घ्या, पावती जपा. महापालिकेला देखरेखीचा दाखला दिलेला इंजिनिअर 'मी नुसती सही केली' म्हणाला, तर ती सहीच त्याची जबाबदारी आहे.

स्वतः बांधून घेतलेल्या घराला फ्लॅटसारखी पाच वर्षांची कायदेशीर हमी नसते. करारातली दोषदुरुस्तीची मुदत बघा, बहुधा एक वर्ष. रिटेन्शन म्हणून ५ ते १० टक्के रोखून ठेवता येतात, पण करारात लिहिलं असेल तरच.

फ्लॅट घेतलाय. बिल्डरविरुद्ध रेरात जाऊ की ग्राहक आयोगात?

आधी प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणात, नोंदलेला आहे का बघा. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणी सक्तीची नाही, आणि आपल्याकडं असे छोटे अपार्टमेंट गल्लोगल्ली आहेत. त्यांना १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतात.

नोंदलेला असेल तर बिल्डरला करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेले ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताब्यापासून पाच वर्षांत रचनेचा किंवा कारागिरीचा दोष दाखवलात तर ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी लागते. ताबा वेळेत दिला नाही तर कलम १८ प्रमाणे व्याजासह पैसे परत, किंवा फ्लॅट ठेवून उशिराचं व्याज, ही निवड तुमची.

जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं चालतात, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. बिल्डर सोसायटीच्या नावे जमीन करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडं मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो.

जागा माझी, बांधणार बिल्डर, निम्मे फ्लॅट माझे. मी मालक की ग्राहक की भागीदार?

तिन्ही असू शकता, आणि हीच गंमत आहे. फकीरचंद गुलाटी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली म्हटलं की अशा करारातला जागामालक बिल्डरकडून बांधकामाची सेवा घेत असतो, म्हणून तो ग्राहक ठरू शकतो. उलट महारेरा त्याच जागामालकाला प्रवर्तकांत, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्यांत, धरतं. तुमच्या वाट्याचे फ्लॅट विकलेत तर खरेदीदाराला उत्तर तुम्हालाही द्यावं लागेल. बिल्डरला दिलेलं कुलमुखत्यारपत्र डोळे झाकून सही करू नका. तुमची जमीन गहाण टाकून कर्ज काढायचा अधिकार त्यात असतो का, आणि किती रकमेपर्यंत, हे आधी वाचा.

कामावर गवंडी पडला. भरपाई कोण देणार?

तुम्ही त्याला थेट हजेरीवर लावला असेल तर तुम्हीच त्याचे मालक. बिल्डरनं काम उपकंत्राटदाराला दिलं असेल तर कामगार थेट बिल्डरकडं मागू शकतो, बिल्डरनं नंतर उपकंत्राटदाराकडून वसूल करावं. १९२३ पासून चालत आलेलं हे तत्त्व आहे, आणि त्यात चूक कुणाची हे सहसा विचारलं जात नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणतात. 'अपघातास मालक जबाबदार नाही' असा कागद मिस्त्रीकडून घेऊन निर्धास्त झालेले मालक भेटतात. तो कागद तुमच्या दोघांत. पडलेल्या माणसाच्या बायकोला तो लागू नाही.

परांची कुजकी आहे हे माहीत असून चढवलं आणि माणूस दगावला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चा गुन्हाही होतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. गवंड्यानं आधीच्या वर्षात ९० दिवस काम केलं असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. परवाना घेताना भरलेल्या उपकराचा पैसा तिकडंच जातो. त्याला सांगा तरी.

सेंट्रिंगवाल्याचे पैसे कंत्राटदारानं बुडवले. तो माझ्या दारात येऊन बसतो.

त्याचा करार कंत्राटदाराशी, तुमच्याशी नाही. तुम्ही 'मी बघतो' म्हणालात आणि त्यानं त्या भरवशावर पुढचा स्लॅब लावला, तर मात्र चित्र बदलतं. म्हणून काही बोलू नका, चहा द्या.

शेजाऱ्यानं तळघरासाठी खोदलं आणि माझी भिंत झुकली.

शेजारच्या जमिनीचा आधार काढून घेऊन तुमचं नुकसान करण्याचा हक्क कुणालाच नाही. दिवाणी कोर्टात मनाई मागा, त्याच दिवशी महापालिकेला लेखी कळवा. उभ्या भिंतीचा फोटो असेल तर तो आधी शोधा.

करारात लवादाचं कलम आहे आणि लवाद मालकच नेमणार आहे.

अशी एकतर्फी नेमणूक आता टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून हे सुरू झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं सरकारी करारांबाबतही तेच सांगितलं. समोरचा दाद देत नसेल तर लवाद नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करायचा. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगली, सातारा त्यात आहेत. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी घरी.

जिल्हा परिषदेचं काम केलं. साहेबांनी तोंडी जादा काम सांगितलं, आता बिल निघत नाही.

सरकारी कामात तोंडी आदेशाला किंमत नाही असं सगळेच सांगतील, आणि व्यवहारात ते बरंचसं खरं आहे. तरी करार कायद्याचं कलम ७० सरकारलाही लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ सालीच पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल या खटल्यात ठरवलं. तो खटलाही रीतसर करार न करता अधिकाऱ्यांनी करवून घेतलेल्या बांधकामाचाच होता. जादा काम करण्याआधी 'आपल्या आजच्या सूचनेप्रमाणे काम सुरू करत आहे' असं पत्र आवक-जावकला देऊन पोच घ्या. राज्य सरकारवर दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस लागते.

प्लॉट गुंठेवारीतला आहे, परवाना नाही. मिस्त्रीशी करार चालेल का?

२००१ चा गुंठेवारी कायदा आणि त्याची २०२१ ची दुरुस्ती यांमुळं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट आहे. आधी ती वाट धरा. विनापरवाना बांधकामाचा करार बेकायदा हेतूचा आहे असा बचाव समोरचा घेऊ शकतो. मग पैसे अडकलेला मिस्त्री आणि तडे गेलेला मालक दोघंही सारखेच उघडे पडतात.

तुमच्याकडं येताना काय आणू?

करार, मंजूर नकाशा, बँकेचा उतारा, फोटो मूळ मोबाइलसह. पावत्या पिशवीत कोंबलेल्या असल्या तरी चालतील, लावायचं काम आमचं. फक्त वहीतली पानं फाडून आणू नका, वही आणा.